दोष लिहिणारे आमदार

आमचे आमदार दौलतराव मूळचे शिक्षक. चिखलीतल्या महापालिकेच्या शाळेत त्यांनी बावीस वर्षं तिसरी-चौथीला शिकवलं. निदान कागदोपत्री तसं आहे. प्रत्यक्षात त्यातला बराच काळ सरकारने त्यांच्याकडून जनगणना करून घेतली, मतदारयाद्या दुरुस्त करून घेतल्या, पोलिओचे डोस पाजून घेतले आणि प्रत्येक निवडणुकीत बूथवर बसवून घेतलं. वॉर्डातल्या कुठल्या घराला मागचं दार आहे आणि कुठल्या घरात कुत्रं चावरं आहे, हे त्यांना तोंडपाठ झालं. निवडणुकीतली सगळी कामं करून झाली होती, उभं राहणं तेवढं उरलं होतं. राजीनामा देऊन तेही त्यांनी केलं. दोनदा नगरसेवक झाले, मग आमदार. लोक पूर्वीही गुरुजी म्हणत, आताही गुरुजीच म्हणतात.

नगरसेवक असताना एकदा सर्वसाधारण सभेत दोन गट एकमेकांच्या अंगावर धावून गेले. गुरुजी जागेवरून एवढंच म्हणाले, "खाली बसा." सगळे बसले. महापौर आधीच बसलेले होते, ते सरळ बसले. विधानसभेत त्यांची ख्याती अशी की कामकाज संपेपर्यंत ते जागा सोडत नाहीत. यामागे काही राजकारण असावं म्हणून सुरुवातीला दोन पत्रकारांनी तपासही केला.

मी त्यांचा स्वीय सहायक. राज्यशास्त्रात एम.ए. करून परभणीहून इकडे आलो आणि सगळे मागतात तशी शिफारशीची चिठ्ठी मागायला त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला अर्धा तास समोर बसवून बोलतं केलं आणि लिहिलं, 'ज्ञानेश मराठी उत्तम लिहितो. यंत्राजवळ नेऊ नये.' ती चिठ्ठी घेऊन मी भोसरीपासून चाकणपर्यंत फिरलो. यंत्रापासून लांब अशी जागा कुणाकडेच नव्हती. शेवटी गुरुजींनीच ठेवून घेतलं. त्याला चौदा वर्षं झाली.

आमच्याकडे आमदाराचं खरं काम म्हणजे चिठ्ठी. रस्ता, पाणी, वीज ही नंतरची कामं. चाकणच्या कंपनीत पोरगं लागलं पाहिजे आणि त्यासाठी लेटरहेडवर चार ओळी पाहिजेत. त्या चार ओळी सगळ्या पक्षांत एकच असतात: 'सदर युवक माझ्या परिचयाचा असून होतकरू, कष्टाळू व प्रामाणिक आहे.' कंपन्या या चिठ्ठ्या आदराने स्वीकारतात आणि एका खोक्यात टाकतात. खोकं भरलं की नवीन खोकं आणतात.

गुरुजींच्या चिठ्ठ्या मात्र वाचल्या जात. कारण ते माणसाचे गुण लिहीत तसे दोषही लिहीत. बावीस वर्षं प्रगतिपुस्तकावर शेरे लिहिल्यावर हात दुसरीकडे वळत नाही. 'खंडू गावच्या यात्रेला चार दिवस रजा मागेल. द्यावी. नाही दिली तरी जाईल.' 'सोनलचं काम चोख आहे. तिच्यावर कुणी ओरडलं तर ती दोन दिवस बोलत नाही, तेव्हा ओरडू नये.' स्वतः शिकवलेल्यांचं आठवणीतून लिहीत. बाहेरून आलेल्यांना समोर बसवून, विचारपूस करून लिहीत. आणि नियम असा की पाकीट उघडं द्यायचं. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याने आधी वाचायचं. पक्षातल्या लोकांनी त्यांना खूप समजावलं. पण त्यांच्या चिठ्ठीवरची पोरं कामावर लागत आणि टिकत, त्यामुळे समजावणाऱ्यांची पोरंही शेवटी त्याच रांगेत येत.

गेल्या निवडणुकीच्या आधी, अर्ज भरायला तीन आठवडे असताना, मारुतराव आले. मारुतराव गावठाणातले जुने. शेती होती तिथे आता त्यांचे सहा पत्र्याचे शेड आहेत, भाड्याने दिलेले. गावठाणातल्या तीन बूथवर कुणाला मत पडणार, हे मतदानाआधी फक्त त्यांना माहीत असतं. त्यांचा धाकटा मुलगा प्रज्वल गुरुजींचा विद्यार्थी. आयटीआय फिटर. सात कंपन्यांत कंत्राटावर लागला आणि दर वेळी सातव्या महिन्यात त्याला घरी पाठवलं. तशी पद्धतच आहे. जास्त दिवस ठेवलं तर माणूस कायम करा म्हणतो. आता चाकणच्या एका ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत कायमच्या भरतीला बारा जागा निघाल्या होत्या. वयाची अट अठ्ठावीस, आणि प्रज्वलला अठ्ठाविसावं संपायला दोन महिने होते. पुन्हा अशी भरती निघेपर्यंत तो अटीच्या पलीकडे गेला असता आणि आयुष्यभर सात-सात महिने करत बसला असता.

गुरुजींनी लगेच लिहायला घेतलं. मी टाईप केलं:

'प्रज्वल माझ्याकडे तिसरी-चौथीला होता. एका जागी दहा मिनिटांवर बसत नाही किंवा उभा राहत नाही. तिसरीत असताना त्याने वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ खोलून परत जोडलं. एक स्क्रू उरला, पण घड्याळ आजही चालू आहे. मोडलेली वस्तू दिसली की विचारल्याशिवाय हात घालतो. मोडली तर लपवत नाही, येऊन सांगतो. याला असेंब्ली लाईनवर उभं करू नये. हिंडतं काम द्यावं.'

प्रज्वल आलेला नव्हता, म्हणून पाकीट मारुतरावांनी नेलं. तासाभरात परत आले. तोवर गुरुजी आकुर्डीला एका कॉलेजच्या कार्यक्रमाला गेले होते, ऑफिसात मी एकटा. मारुतरावांनी चिठ्ठी माझ्यापुढे टाकली.

"ज्ञानेशराव, ह्ये काय लिव्हलंय? आमी चिठ्ठी मागितली व्हती, का पोलीस पाटलाचा दाखला?"

मी म्हटलं, गुरुजी सगळ्यांचंच असं लिहितात.

"सगळ्यांचं लिव्हू द्या. सगळ्यांकडं तीन बूथ न्हाईत." मग चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्या गुरुजीस्नी पोरांचं सगळं ध्यानात राहतंय म्हणं. आता माझं बी ऱ्हाऊ द्या."

ते गेले आणि मी विचार करू लागलो. राज्यशास्त्र शिकलेल्या माणसाने अशा वेळी विचार करू नये. त्याआधीच्या निवडणुकीत गुरुजी अकराशे मतांनी आले होते. तीन बूथ म्हणजे तीन हजार मतं. ही वजाबाकी मला यंत्राशिवाय येत होती.

गुरुजी माझ्याकडे पाच-सहा कोऱ्या लेटरहेडवर सही करून ठेवत. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात कुणाला तातडीने दाखल करायचं असलं आणि गुरुजी मुंबईला असले, तर पत्र अडू नये म्हणून. त्यातलं एक मी काढलं. 'सदर युवक माझ्या परिचयाचा असून होतकरू, कष्टाळू व प्रामाणिक आहे.' चौदा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच टाईप केलं. बोटं अडखळली नाहीत याचं मला नंतर वाईट वाटलं. पाकीट बंद करून मारुतरावांच्या घरी पाठवलं. त्यांनी वाचलं, समाधान झाल्याचा फोन केला आणि शुक्रवारी मुलाखतीला प्रज्वल ते घेऊन गेला.

शनिवारी सकाळी कंपनीच्या वर्षाली मॅडमचा फोन आला. भरतीचं त्या बघतात. कोल्हापूरच्या आहेत, फोनवर हवापाण्याची चौकशी करण्यात वेळ घालवत नाहीत.

"सर, खरं सांगा. या प्रज्वलने काय केलंय?"

मी म्हटलं, काही नाही, चांगला मुलगा आहे.

"मग गुरुजींनी दोष का लिहिला नाही? दोनशेच्या वर पत्रं आली असतील त्यांची. एकालाही सोडलेलं नाही त्यांनी. आमच्या प्लान्ट हेडच्या पुतण्याबद्दल 'डबा दुसऱ्याचा खातो' असं लिहिलं होतं. आणि याच्याबद्दल नुसतं प्रामाणिक? लिहिता येणार नाही असं काहीतरी असणार. मुलाखत बरी दिली त्याने, पण मी नाव बाजूला ठेवलंय. सोमवारी अकराला यादी वर जाईल."

मी फोन ठेवला. होतकरू, कष्टाळू व प्रामाणिक लिहून मी एका पोराची नोकरी घालवली होती.

गुरुजी मागच्या खोलीत पेपर वाचत होते. मी जाऊन सगळं सांगितलं. सांगताना मी उभा होतो. त्यांनी बस म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी रागवावं अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी फक्त विचारलं, सही केलेले कागद किती उरलेत. चार, मी म्हटलं. ते आणायला सांगतील आणि फाडतील असं वाटलं.

"दवाखान्यासाठी लागतील. नीट ठेव," ते म्हणाले. "पहिली चिठ्ठी आहे का?"

होती. मारुतरावांनी टाकलेली मी जपून ठेवली होती. ती घेऊन आम्ही चालत गावठाणात गेलो. वाटेत गुरुजी एकच वाक्य बोलले, की चूक माझी एकट्याची नाही. त्यांनी स्वतःचा नियम मोडून पाकीट मुलाऐवजी बापाच्या हातात दिलं, तिथे ती सुरू झाली. मला बरं वाटावं म्हणून ते बोलले नव्हते. खरोखरच त्यांनी ती चूक दोघांत वाटली होती, आणि माझ्या वाट्याला मोठा भाग ठेवला होता.

मारुतरावांना वाटलं गुरुजी मतं मागायला आले. त्यांनी खुर्च्या मांडायला सांगितलं. गुरुजींनी कंपनीत काय झालं ते सांगितलं, माझं नाव न लपवता. मग प्रज्वलला बोलावलं आणि पहिली चिठ्ठी त्याच्या हातात दिली. "ही तुझी. तू वाच. पाठवायची की नाही ते तू सांग."

"त्यो काय सांगणार," मारुतराव म्हणाले. "गुरुजी, येवढी वंगाळ चिठ्ठी वाचून कोन कामावर घील?"

प्रज्वल उभ्यानेच वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. एवढा मोठा, दाढी राखलेला माणूस, पण कागद दोन्ही हातांनी धरला होता, वर्गात उभं राहून वाचतात तसा.

"आबा, सात कंपन्या झाल्या," तो म्हणाला. "सातही ठिकाणी मला लाईनवर उभं केलं. मला जमत नव्हतं. मला वाटायचं आपल्यातच काहीतरी कमी आहे. ह्यात लिहिलंय की मला हिंडतं काम द्या." मग गुरुजींकडे बघून म्हणाला, "घड्याळ अजून चालू आहे?"

"तीन मिनिटं पुढे जातं," गुरुजी म्हणाले.

"हीच पाठवा."

मारुतराव आत बघून बायकोला म्हणाले, "शालन, च्या टाक. मास्तर आल्यात." आमदार म्हणाले नाहीत.

गुरुजींनी चिठ्ठीखाली हाताने लिहिलं, 'आधीचं पत्र माझ्या माहितीशिवाय गेलं. हेच खरं समजावं.' आधीचं कुणी पाठवलं हे मी स्वतः लिहितो म्हटलं आणि लिहिलं. वर्षाली मॅडम सुट्टीच्या दिवशी भेटणार नव्हत्या, म्हणून सोमवारी सकाळी सातला मी प्रज्वलच्या मोटरसायकलवर मागे बसून चाकणला निघालो. तळेगाव चौकात ट्रकांच्या मध्ये पाऊण तास उभे होतो. तेवढ्या वेळात प्रज्वलने बाजूच्या टेम्पोचा लोंबणारा आरसा घट्ट करून दिला.

मॅडमनी दोन्ही मजकूर वाचले. माझा कबुलीजबाब वाचताना माझ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "तुमच्याबद्दल गुरुजींनी काय लिहिलं होतं हो?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे. मग प्रज्वलला विचारलं, की आमच्या मेंटेनन्समध्ये ब्रेकडाऊनचा माणूस लागतो. दिवसभर एका मशीनवरून दुसऱ्यावर पळायचं, बसायला मिळत नाही, चालेल का? प्रज्वलने हो म्हणण्याआधी मागे वळून त्यांच्या दाराची करकरणारी बिजागरी बघितली. अकरा वाजता यादी वर गेली. त्यात बारावं नाव त्याचं होतं.

निवडणूक व्हायची तशी झाली. मारुतराव पारावर, तालमीत, लग्नात एकच सांगत फिरले, की गुरुजी लई खरं लिहितो, त्याच्याकडं चिठ्ठीला जाताना विचार करून जा, पर मत त्यालाच द्या. गुरुजी चौदाशेने आले. तीनपैकी दोन बूथवर आम्ही पुढे होतो, तिसऱ्यावर मागे. त्याचं कारण मारुतरावांनीच सांगितलं: तिथे गुरुजींनी शिकवलेले जास्त राहतात.

मला कामावरून काढलं नाही. त्याबद्दल मी एकदा बोलायचा प्रयत्न केला, तर गुरुजींनी पाणीपुरवठ्याची फाईल पुढे सरकवली. त्यांच्या जागी दुसरा कुणी आमदार असता तर मला काढलं असतं, किंवा त्या पत्राबद्दल बढती दिली असती. दोन्हीतून वाचलो.

परवा प्रज्वल ऑफिसात आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, त्यावर नाव शिवलेलं. चिठ्ठीची झेरॉक्स मागत होता. मूळ प्रत कंपनीने ठेवून घेतलीय. कशाला पाहिजे, मी विचारलं. नोकरी तर लागली.

"तनुजाला वाचायला द्यायचीय," तो म्हणाला. "साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे. तिला मी बोललो, माझ्याबद्दल एका माणसाने सगळं लिहून ठेवलंय, तू आधी वाच."

मी झेरॉक्स काढून दिली. त्याने ती घडी न घालता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली. मग म्हणाला, सेकंड शिफ्ट आहे, चौकातून बस दोनला सुटते. आणि आत गुरुजी कुणाशी तरी बोलत होते तरी दारातूनच वाकून नमस्कार करून गेला. त्यांनी बघितलं की नाही, माहीत नाही.