अबोल्यातला झटका

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक. ती फ्रेमवाली माहितीये ना, फोटोंना चौकटी करून देणारी? तिचा आणि नवऱ्याचा त्या दिवशी अबोला होता. त्यांचा अबोला म्हणजे साधासुधा नाही. नळ टपकत ठेवला एवढ्यावरून सुरू व्हायचा, आणि मग गिऱ्हाइकाने निरोप पोचवायचे. "यांना सांगा, काच मोजून कापा." "हिला सांगा, मला अक्कल आहे."

तर सकाळी तो म्हणाला, "बरं बाई, तुझंच खरं," आणि गप्प झाला. हीपण गप्प. दुपारी त्याने काच तिरकी कापली. हिला वाटलं, मुद्दाम. जेवले तेही एकमेकांकडे पाठ करून. मग त्याच्या उजव्या हातातून खिळे सांडले, हिने ते फणकाऱ्याने गोळा केले, पण मान काही वर केली नाही. शेवटी चारच्या सुमाराला एक गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, यांचं तोंड वाकडं का झालंय?" तेव्हा हिने पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती.

दवाखान्यात आधी बोट टोचून साखर बघितली, ती ठीक होती. डॉक्टरीणबाई पोरगीच होती. म्हणाली, "काका, हसा बघू." अर्धाच चेहरा हसला. "दोन्ही हात वर धरा." उजवा खाली आला. पेन दाखवून विचारलं, "हे काय?" तो नुसतं "अं, अं" करत राहिला.

मग डोक्याचा सीटी स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता.

"मेंदूत रक्ताची गुठळी अडकलेली दिसतेय," डॉक्टरीण म्हणाली. "ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन जीवही जाऊ शकतो. शेवटचं नीट कधी बोलले हे?"

आता काय सांगणार? ती तिरकी काच रागाची होती की लुळ्या हाताची? झटका कधी आला ते एमआरआयने कदाचित कळलं असतं, पण ते मशीन बंद पडलेलं.

निरोप मिळताच धावत आलेली नणंद मागून कुजबुजली, "जेवताना बोलला म्हणून सांग की."

हिने तोंड उघडलं. मिटलं. मग म्हणाली, "सकाळी. त्यानंतर आम्ही बोललोच नाही."

"मग नाही देता येणार," डॉक्टरीण हळूच म्हणाली.

"एवढी सत्यवादी कधीपासून गं तू?" नणंद म्हणाली. "नेमकी माझ्याच भावाच्या वेळी हुक्की आली?"

पुढे ईसीजी झाला, मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी झाली. हिने विचारलं, "आता हे कशाला?" तर म्हणे, पुढचा झटका टाळायला. "आणि हा?" डॉक्टरिणीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तो घरी आलाय. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहतो. ती भरवते, तो तिच्याकडे बघत असतो. त्या नजरेत राग आहे, की काहीच नाही, तिला कळत नाही. इंजेक्शन मिळालं असतं तर आज तो भांडत असता, नाहीतर फोटोत असता. दोन्ही तिला सारखंच खरं वाटतं, आणि झोप येत नाही.

सांग ना, तू काय सांगितलं असतंस?