लहरींची टोपी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवरच्या खुर्चीत निवृत्त बस कंडक्टर बसले होते. डोक्यावर तारांची टोपी, तारा शेजारच्या काळ्या डब्यात गेलेल्या, डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय आणि आतून गुंऽऽ आवाज.

"लहरी!" प्रोफेसर गरजला. कुठल्या कॉलेजातला, ते कुणी विचारलं नव्हतं. "झोपलेली वाचा उठवणाऱ्या सूक्ष्म, अतिसूक्ष्म लहरी! म्हणा काका, एक, दोन..."

"तीन, चार, पाच, सहा," काका धडाधड सुटले. पक्षाघातानंतर ज्यांना बायकोचं नावही घेता येत नव्हतं, ते वीसपर्यंत पोचले!

"पुढे...?" प्रोफेसरने डोळे मिचकावले.

"पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

काकांच्या खुर्चीला खेटून उभा राहून टाळ्या पिटत होता त्यांचा मुलगा. मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गेल्याच आठवड्यात त्याने याच स्टेजवरून छातीठोकपणे सांगितलं होतं, "मशीन अस्सल आहे, माझा शब्द घ्या." त्या शब्दावर आज पंधरा-वीस घरं आपापली वाचा गेलेली माणसं घेऊन आली होती. आणि या पठ्ठ्याने डबा उघडून पाहिला होता का? छे! डब्यावर चिठ्ठी होती, 'उघडल्यास लहरी उडून जातील.' जन्मभर लोकांची यंत्रं खोलणारा माणूस चिठ्ठीला घाबरला. खरं तर त्याला उघडायचंच नव्हतं. आत काही नसलं तर काय करायचं?

टोपी चढली की वडील दर वेळी डाव्या हाताने त्याच्या खिशातला वीज तपासायचा टेस्टर ओढायचे. आजही ओढला.

"गप्प बसा हो बाबा, लोक बघताहेत," म्हणत त्याने हात बाजूला सारला.

तेवढ्यात मागून एक बाई स्टेजवर आल्या. इस्पितळात काकांकडून बोलण्याचे व्यायाम त्याच करून घ्यायच्या. "दोन महिने वाट पाहिली तुमची," त्या मुलाला म्हणाल्या. मुलाने मान खाली घातली. टोपी असताना रोज तासभर चमचा, खुर्ची, कुलूप घोकायचं कशाला, असं म्हणून त्यानेच ते बंद केलं होतं.

बाईंनी टोपी काढली.

"अहो, लहरी तुटतील!" प्रोफेसर ओरडला.

"तुटू द्या. काका, एक, दोन..."

"तीन, चार, पाच..." टोपीशिवाय!

बाईंनी पुन्हा टोपी चढवली आणि मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "हे काय आहे?"

काकांच्या कपाळावर घाम आला. ओठ हलले. "एक... दोन..." आणि डोळे भरून आले.

"आकडे, पाठ गाणी, रोजची ठरलेली वाक्यं या आजारात बऱ्याचदा टिकून राहतात," बाई म्हणाल्या. "अडतो तो शोधून आणायचा शब्द. मुळात जे शाबूत होतं, तेच हा प्रोफेसर म्हणवून घेतो. रुग्ण रोज काय बोलायचा, हे याने भरून घेतलेल्या फॉर्मवर कुणी लिहून दिलं?"

मुलानेच दिलं होतं.

"मग मेंदूला वीज देणं थोतांड आहे म्हणता?" प्रोफेसर उसळला.

"नाही. मोठ्या इस्पितळांत त्याचे प्रयोग चालतात. मोजून सौम्य प्रवाह, डॉक्टरांची देखरेख आणि सोबत बोलण्याचा व्यायाम. कुणाला थोडा फायदा होतो, कुणाला होत नाही. चुटकीसरशी कुणालाच होत नाही. पण तुमच्या डब्यात वीज तरी आहे का?"

काकांनी पुन्हा टेस्टर ओढला.

"शब्द गेलेत त्यांचे, अक्कल नाही," बाई मुलाला म्हणाल्या. "कधीपासून सांगताहेत ते तुम्हाला."

त्याने डबा खोलला. एक बझर, एक दिवा, दोन सेल. टोपीच्या तारा आत नुसत्या गाठ मारून सोडलेल्या, कशालाच न जोडलेल्या. प्रोफेसर मागच्या दाराने पसार झाला.

मुलाने उघडा डबा सगळ्यांना दाखवला. "मी न बघता शब्द दिला. बाबांना कळलं होतं, मी त्यांचा हात झटकत राहिलो. माझी लाज वाटते मला."

पुढच्या रांगेतली म्हातारी नवऱ्याचा हात धरून उठली. "तुझ्यावर भरवसा ठेवून आलो रे आम्ही. आता?"

"आता कुणाच्याच शब्दावर जाऊ नका, मावशी. माझ्यासुद्धा. उघडून बघा, विचारा, टोपी काढून तेच होतं का ते पाहा. आणि उद्या तुमच्या यजमानांना बाईंकडे न्या. मीही बाबांना घेऊन येतो."

तीन आठवडे रोज तासभर तो वडिलांसमोर बसला. एका सकाळी बाईंनी टेस्टर उचलून धरला. काका बराच वेळ झगडले. "टे... टेस... टर."

टाळ्या वाजवायला तिथे कुणी नव्हतं. मुलाने टेस्टर वडिलांच्या हातात ठेवला, पण त्यांच्याकडे वर बघायची हिंमत त्याला झाली नाही.