सारखं काम, वेगळा दर

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्या दिवशी पगाराच्या स्लिपा वाटल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत राधाकृष्णने आपली स्लिप हन्नाताईंपुढे धरली.

"ताई, ही कपात कसली हाय, बघा ना."

हन्नाताई नऊ वर्षं तिथं माल तपासत होत्या. दोन वर्षांपूर्वी आलेल्या राधाकृष्णला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी कपात समजावली, आणि मग त्यांची नजर खालच्या आकड्यावर गेली. तो त्यांच्या पगाराहून सहा हजारांनी जास्त होता.

त्या तशाच उठून पंकजा मॅडमकडे गेल्या. भरती आणि पगार पंकजाच पाहायची. मुख्य कार्यालयाच्या पाहुण्यांसाठी ती अहवाल लिहीत होती: 'महिला कर्मचारी चाळीस टक्के.'

"मॅडम, आमचं दोघांचं काम येकच हाय ना?"

"हो, पण अनुभव बघून ठरतं, ताई."

"अनुभव? त्याला तर मीच शिकिवलं."

पंकजा पुन्हा अहवाल लिहू लागली. दरवर्षी पगारवाढीच्या वेळी व्यवस्थापक म्हणायचे, "बायकांचा पगार म्हणजे घराला हातभार. नवरे कमावतात की." आणि बायकांच्या नावापुढे कमी आकडा पंकजा स्वतःच्या हाताने लिहायची.

महिन्याभरात हन्नाताईंनी राजीनामा दिला. पंकजाला जेवण गोड लागेना. त्या जागेवर सुकन्या नावाची मुलगी निवडली गेली, तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, "हन्नाचाच दर लाव. पोरगी आहे, घेईल."

"नाही सर. राधाकृष्णला आहे तोच लागेल. मुख्य कार्यालयाला मी सगळं लेखी कळवलंय. कमी आकडे मीच लिहिले, हेसुद्धा."

"नोकरी नकोय का तुला?"

"हवीय. पण हे आता माझ्याकडून होणार नाही."

मुख्य कार्यालयाने सुकन्याचा दर मान्य केला. हन्नाताईंना इतकी वर्षं कमी मिळालेल्या पगाराबद्दल मात्र पत्रात अवाक्षर नव्हतं. रविवारी पंकजा पारनेरला त्यांच्या घरी गेली आणि तिने सगळं सांगितलं.

"येवढी वर्सं तुमाला म्हाईत हुतं?"

"हो."

"मंग त्या दिवशी खोटं का बोल्लात?"

"परत या ना, ताई," पंकजा म्हणाली.

"न्हाई. आता माझं मन लागायचं न्हाई तिथं. त्या नव्या पोरीला तेवढं खरं सांगा."

सोमवारी सुकन्या रुजू झाली. पंकजाने तिला समोर बसवून हन्नाताईंची सगळी हकिकत सांगितली. सांगताना स्वतःचं नाव वगळलं नाही.