गप्प बसायची जागा

"बाई, मध्ये मध्ये गप्प का बसता तुम्ही? माइक काय शोभेला दिलाय?"

वाचनालयाचे व्यवस्थापक माझ्या टेबलाला टेकून उभे होते. खेळ सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि हॉलमध्ये मोजून नऊ डोकी.

"पडद्यावर कुणी बोलतच नसेल तर मी काय बोलू, साहेब?"

"सांगायचं हो काहीतरी. म्हातारा आता दुःखी झालाय, वगैरे."

"ते त्याचं तो बघून घेईल," मी म्हणाले.

तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परदेशी लाइनवर होते. 'थांबा, जोडते' म्हणण्यात अख्खी नोकरी गेली, पण इंग्रजी पक्कं झालं. दर गुरुवारी चार वाजता इथे जुने परदेशी सिनेमे दाखवतात. खाली येणारी इंग्रजी अक्षरं मागच्या टेबलावरून लोकांना आपल्या भाषेत सांगायची, हे काम निवृत्त झाल्यावर मी हट्टाने मागून घेतलं.

आज मात्र साहेब निकाल लावायला बसले होते. "आज लोक उठून गेले, तर पुढच्या गुरुवारपासून अमेरिकन सिनेमा. हॉल कसा भरतो बघाच!"

अमेरिकन सिनेमाशी माझं वैर नाही. जावयाबरोबर मी पुष्कळ पाहते. गाड्या उडतात, जग बुडायला लागतं आणि कुणीतरी देखणा माणूस ते ऐन वेळी वाचवतो. मजा येते, खोटं कशाला बोलू? पण आमचे हे गेले तेव्हा ऐन वेळी कुणी आलं नाही. संगीतही वाजलं नाही. दूध उतू जाईल म्हणून मी आधी गॅस बंद केला. पुढे कितीतरी दिवस वाटायचं, आपलं काळीज दगडाचं आहे. मग एका गुरुवारी पडद्यावर, कुठल्या परक्या मुलखातली एक बाई नवऱ्याला पोचवून घरी आली आणि खिडक्या पुसायला लागली. तेव्हा मी हमसून हमसून रडले. असा गुरुवार मी सुखासुखी सोडणार नव्हते.

सिनेमा सुरू झाला. तासाभरात चौघं उठून गेली. मग सिनेमातल्या म्हाताऱ्याचा एक प्रसंग आला. बायकोला जाऊन आठवडा झालेला. तो सवयीने दोन ताटं मांडतो, थबकतो, दोन्ही उचलतो आणि वापरलेली नसतानाही घासायला घेतो. बराच वेळ घासतो. नळाचा तेवढा आवाज.

"बोला!" साहेब कानाशी खेकसले.

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी माइक हिसकावला आणि हॉलभर आवाज घुमला, "म्हाताऱ्याला बायकोची आठवण येत आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी माइकची भिंतीतली वायर उपटली.

"पुढच्या गुरुवारपासून येऊ नका," साहेब म्हणाले. चिडले की त्यांचे कान लाल होतात.

"नाही येत. पण आजचा सिनेमा अजून पाऊण तास आहे. तेवढं काम करूनच जाईन."

"माइकशिवाय?"

"घसा आहे ना देवाने दिलेला."

ते माइक काखेत मारून निघून गेले. तेवढ्यात पुढच्या रांगांमध्ये खुर्च्या करकरल्या. उरलेली पाचही माणसं उठली होती. संपलं, मी मनात म्हटलं.

ती दाराकडे गेली नाहीत. वाकून, पडद्याच्या आड येऊ नये म्हणून डोकी खाली घालून, एकेक करत मागे आली आणि माझ्या टेबलाभोवती बसली. नळ दुरुस्त करणारे एक काका नेहमी येतात, ते अगदी माझ्या कोपराशी. "हळू बोललात तरी चालेल," ते म्हणाले.

पडद्यावर शेजारीण दारात आली होती. मी हळू आवाजात सांगितलं.

"ती विचारते, जेवलात का?"

म्हाताऱ्याने ओले हात सदऱ्याला पुसले.

"तो म्हणतो, हो, जेवलो."