गिरजाबाईंचं धुतलेलं लुगडं

हिवाळ्यातल्या सकाळी बडा फुहाराच्या मागच्या गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये ऊन तिरपं उतरत असे. त्या उन्हात डॉक्टरदीदींचे हात आधी दिसत: आयोडीनने पिवळे पडलेले, मांजरांच्या नखांनी ओरखडलेले, आणि भेदरलेल्या जनावराच्या मानेवर दवासारखे अलगद उतरणारे. मुलांनो, तुमच्याकडे प्राण्यांचे दवाखाने चकचकीत असतील. आमच्या जबलपुरात गरिबांच्या कुत्र्यामांजरांसाठी वर्गणीवर चालणारं हे एकच छप्पर होतं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या दीदी तिथे प्राण्यांवर उपचार करीत, आणि मालक इस्पितळात गेला तर त्याचं जनावरही सांभाळीत. अट एकच, मालकाच्या अंगावरचं न धुतलेलं वस्त्र सोबत हवं. "माणूस नाही, तर त्याचा वास तरी राहू दे जवळ," असं त्या म्हणत.

आमच्या शेजारच्या गिरजाबाई, फॅक्टरीतल्या कामगाराची विधवा, ऑपरेशनला तयारच होईनात. आपण इस्पितळात गेलो की मुलगा मनोहर त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, भुऱ्याला, दूर गावाबाहेर सिहोऱ्याकडे नेऊन सोडील, ही त्यांची भीती. दीदींनी भुऱ्याला ठेवून घेतलं, तेव्हा कुठे त्या गेल्या. सुनेने त्यांचं लुगडं पाठवलं ते सोड्याने धुऊन, कडक इस्त्री करून. आपल्या घरचं मळकं कापड चारचौघांत कसं द्यायचं? भुऱ्याने ते हुंगलं, पाठ फिरवली, आणि त्यानंतर अन्नाला तोंड लावलं नाही. त्याच्या बरगड्या मावळत्या उन्हात शुष्क फांद्यांसारख्या दिसू लागल्या.

दीदी दुसरं लुगडं मागायला गेल्या. मीही सोबत होते.

"आता कुठून देऊ? आईचे सगळे कपडे बोहारणीला दिले," मनोहर म्हणाला. त्याने फळीवरचा नवा स्टीलचा डबाही दाखवला. "अन् दीदी, तुम्ही काहून एवढं मनावर घेऊन राहिल्या? कुत्राच तर आहे."

"कुत्र्याचं मी पाहीन. तुझी आई घरी आली की नेसेल काय, हा डबा?"

दीदींचा आवाज चढला नव्हता. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून नर्मदा जशी खोल, काळी, खळखळ न करता वाहते, तसा तो राग होता. माझा मात्र उकळत होता, आजही उकळतो. आई इस्पितळाच्या खाटेवर श्वास घेत होती, आणि इथे तिच्या लुगड्यांच्या मोबदल्यात घेतलेल्या डब्यात सूनबाईंनी साखर भरून ठेवली होती.

दीदी तशाच इस्पितळात गेल्या. लुगड्यांचं त्यांनी गिरजाबाईंना काही सांगितलं नाही. नुसतं कापड मागितलं. गिरजाबाईंनी डोक्याला बांधलेला फडका सोडून दिला. "घ्या. त्याला सांगा, मी येऊन राहिली म्हणून."

भुऱ्याने त्या फडक्यात तोंड खुपसलं आणि कितीतरी वेळ तो तसाच पडून राहिला. मग उठून दूध प्यायला. गिरजाबाई घरी परतल्या त्या दीदींचं पातळ नेसून, भुऱ्याला सोबत घेऊन.

आता त्या नाहीत, भुऱ्या नाही, दीदीही नाहीत. काळाने प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या वेळी, सावकाश नेलं. घाई केली ती फक्त घरातल्या माणसांनी, आणि तेवढं मात्र मला अजून विसरता आलेलं नाही.