काळ्या तेवढ्या

पांढऱ्या

झुंबरबाईने कोपरापर्यंत हात क्रेटमध्ये घातला, ओलं शेण आणि कुजलेली कोबी वरखाली केली आणि मूठ भरून उजेडात धरली. बोटांमध्ये वळवळणाऱ्या अळ्या सगळ्या पांढऱ्या होत्या. दुसऱ्या क्रेटमध्येही पांढऱ्या. तिसऱ्यातही.

चुलत्याचं तेरावं करून ती साखरखेर्ड्याच्या जीपमधून नुकतीच उतरली होती. अंगावर प्रवासाचंच पातळ होतं.

"संजी, काळ्या कुठी हायेत वो?"

धाकटी जाऊ संजीवनी धाड गावच्या बाजारातून आणलेलं सडक्या भाजीचं पोतं रिकामं करत होती. तिने मान वर केली नाही.

"क्रेटावरचं फडकं उडालं होतं बाई एक दिवस. कोंबड्याईनं खाल्ल्या असतीन."

"साऱ्या?"

"कोंबड्याच त्या. त्याईचं पोट भरते का कधी?"

झुंबरबाई हसली. दोन वर्षं याच क्रेटांपाशी दोघी हसत आल्या होत्या. उकिरड्यात कोंबड्या एवढं काय टोकरतात म्हणून झुंबरबाईने पाहिलं, तेव्हा या अळ्या सापडल्या. घरच्यांनी नाकाला रुमाल लावले. एकटी संजीवनी म्हणाली होती, "बाई, आपल्या घरी शेणाची पेंड होऊन राह्यली, अन आपण दुकानातून आणून राह्यलो!"

काळ्या

पांढरी अळी कोंबडीला. वाढ पुरी होऊन काळी पडली की ती बियाण्याला. तिचा कोष होतो, कोषातून माशी, माशीची अंडी, पुन्हा अळी. म्हणून काळ्या वेचून जपायच्या.

कोंबडी असती, तर आधी मऊ पांढऱ्या गेल्या असत्या.

कावळा असता, तर रंग पाहत बसला नसता.

चोर असता, तर क्रेटसकट नेल्या असत्या.

इथे एकेक काळी वेचली होती. पांढऱ्या परत ओल्यात दाबल्या होत्या आणि वरून शेणाचा पातळ थर दिला होता, बोटांनी सारवल्यासारखा. झुंबरबाई त्या थराकडे पाहत राहिली. तो द्यायला तिनेच संजीवनीला शिकवलं होतं.

त्या दिवसापासून कोंबड्यांची अळी बंद झाली. उरलेल्या पांढऱ्या आता काळ्या होऊ द्यायच्या होत्या. साठ कोंबड्या रिकाम्या पाट्यांवर चोची आपटत फिरायच्या. अंडी निम्म्यावर आली. संजीवनी भाजीचं पोतं आणत राहिली. दोघी बोलतही राहिल्या, उन्हाचं, जीपवाल्याच्या मिजाशीचं.

जाळी

पंधरवड्याने दिवेलागणीला पोतं झटकता झटकता संजीवनीने विचारलं,

"बाई, माश्या नुसत्याच बसून राह्यतात, अंडे देत नाही, असं होते का कधी?"

झुंबरबाईचे कोष अजून टोपल्यात झाकलेले होते. घरात या जातीची एकही माशी नव्हती.

"कोणाच्या माश्या वो?"

संजीवनी पोत्याची घडी घालत राहिली. घडी झाली, तिने ती मोडली, परत घातली.

"डोणगावच्या माह्या दादाले हौस लागली. मोबाइलवर पाहून करून राह्यला."

"मंग मोबाइललेच इचार म्हणा."

"आठ दिवसांत मरतात त्या, बाई."

"हाव. मरतात." झुंबरबाईने तुळशीपाशी दिवा टेकवला. "दिवा लागला, संजी. आता घरातलं विरजण कोणाले देत नसतात."

माश्यांना ऊन लागतं. उन्हाशिवाय त्यांची जोडी जमत नाही. हे कुणी लपवलं नव्हतं. संजीवनी उठायच्या आधीच झुंबरबाई माश्यांची जाळी छपरातून काढून पूर्वेच्या भिंतीशी ठेवायची, एवढंच. जाळी कायम तिथेच असते असं संजीवनीला वाटत आलेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच झुंबरबाईने छपरातली ती जाळी उचलली. बांबूच्या चौकटीवर ताणलेली जुनी मच्छरदाणी. रिकामी होती, तरी भरलेली असल्यासारखी दोन्ही हातांनी सांभाळत तिने अंगण ओलांडलं आणि तिरीप पडली होती तिथे टेकवली. मग अजून वीतभर उन्हात सरकवली.

दारात संजीवनी उभी होती, केस सुटलेले, अंगावर चादर. नजर एकदा भेटली. संजीवनी आत गेली.

खिडकीतून तिचा फोनवरचा आवाज आला.

"दादा, छपरातून बाहेर काढ त्या. सकाळच्या उन्हात ठेव." पलीकडून दादाने काहीतरी विचारलं. "कोण सांगते मले? मलेच ठाऊक होतं."

जाळीचं तोंड उघडं राहिलं होतं. झुंबरबाईने त्याला गाठ मारली. आत काहीच नव्हतं, तरी दोनदा मारली.