गुरुवारची खुर्ची

फ्रीगंजातल्या अक्कांच्या घरी एक वेताची खुर्ची होती. तिच्यावर घरातलं कुणी बसत नसे. ती पास्टरची. अक्कांचे यजमान रेल्वेत गार्ड होते तेव्हापासूनची रीत अशी, की चर्चला कुठलाही पास्टर येवो, गुरुवारी संध्याकाळी तो याच खुर्चीत बसून पोहे खाणार आणि घरासाठी प्रार्थना करून जाणार. पाच पास्टर आले, पाच बदलून गेले, खुर्ची जागची हलली नाही.

सहावे सुहास पास्टर. पोरगेलेसे, चष्मेवाले. दोन गुरुवार आले आणि तिसऱ्यापासून फिरकलेच नाहीत. पोहे गार, वरची शेव सादळलेली. शेवटी सुनेनं, शैलानं, खबर आणली.

"ते गुरुवारी पार तिकडे भैरवगढच्या वस्तीत जातात, अक्का. प्रतिभाकडे."

"कोण प्रतिभा?"

"शेवटच्या बाकावर बसते ती. मिल बंद पडल्यावर कापड रंगवायच्या कामाला लागली ना, ती."

"तिच्याकडे असं काय ठेवलंय? केबल घेतलीन की काय तिनं?"

शैला हसली, अक्का हसल्या नाहीत. त्या रात्री त्यांना जेवण गोड लागलं नाही. शेवटच्या बाकावरची बाई, आणि गुरुवार घेऊन गेली.

रविवारी उपासना सुटल्यावर अक्कांनी पास्टरना दारातच गाठलं.

"पास्टरसाहेब, आमचे पोहे कडू लागले का?"

"नाही हो, अक्का. तुमच्याकडे येणारे पुष्कळ आहेत. तिच्याकडे कुणी येत नाही. मला तेवढीच एक संध्याकाळ मोकळी मिळते."

"तीच बोलावत नसेल."

"एकदा तुम्हीच या ना."

"माझे गुडघे भैरवगढचे नाहीत," अक्का म्हणाल्या.

पण पुढच्या गुरुवारी टावर चौकातून सवारीचा टेम्पो पकडून निघाल्या त्याच गुडघ्यांवर. तिथे काय मेजवानी झडते ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

खोली एक. दारात दोरीवर ओली कापडं. पास्टर अजून आलेले नव्हते. प्रतिभा उंबऱ्यातच थिजली, मग तिच्या तोंडावर असा काही उजेड आला की अक्कांना मागे वळून बघावंसं वाटलं, कोण आलंय म्हणून.

"पास्टरसाहेबांनी पाठवलं ना? मला वाटलंच होतं, एक दिवस ते तुम्हाला पाठवणार."

अक्कांना आजवर कुणी कुठे पाठवलं नव्हतं. पण खरं काय सांगणार? मी जळून आले, असं? "हो, तसंच समज," म्हणाल्या आणि एकुलत्या स्टुलावर बसल्या.

प्रतिभाचे हात कोपरापर्यंत निळे होते. चहा टाकायच्या आधी ती मोरीवर जाऊन साबणानं, मग विटेच्या तुकड्यानं ते घासत सुटली.

"पुरे की गं. कातडं काढतेस का?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, अक्का. चर्चमध्ये, प्रभुभोजनाची भाकरी घेताना. देवाच्या घरी हात धुऊन यावं." प्रतिभाच्या बोलण्यात राग नव्हता. "धुतलेलेच होते. हा रंग निघतच नाही. तेव्हापासून मी मागे बसते. भाकरीचा तुकडा सगळ्यांच्या शेवटी घेते."

अक्कांना काही आठवेना. पण आपण बोललो नसू असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण वाक्याला धार त्यांचीच होती.

"मागून तुमचा अंबाडा मला पाठ झालाय," प्रतिभा हसून म्हणाली. "कुठली पिन कुठे तेसुद्धा. जवळून आज बघितलं तुम्हाला."

अक्कांनी पदर सारखा केला. म्हणजे दर गुरुवारी इथे येणाऱ्या पास्टरला हे सगळं ठाऊक असणार, आणि इतक्या रविवारी दारात हात मिळवताना त्यानं चकार शब्द काढला नाही. त्याचाही राग आला. चहा मात्र त्या ओल्या निळ्या हातातून घेतला.

"मिलमध्ये काय करायचीस?"

प्रतिभानं सांगायला सुरुवात केली. भोंगा बंद होऊन तीन वर्षं झाली, तरी सकाळी सातला कानात वाजतोच. मशीन थांबलं त्या दिवशी बाया कुणी घरी जाईनात. नवरा त्याच वर्षी गेला... ती इथवर आली आणि पास्टर दारात उभे. अक्कांना बघून त्यांचा चष्माच घसरला. खाली सतरंजीवर बसले आणि सवयीनं हात जोडले.

"प्रार्थना करू या."

"थांबा जरा," अक्का म्हणाल्या. "तिचं बोलणं व्हायचंय. तुम्ही असंच मध्ये तोडता वाटतं? आणि एक सांगते. गुरुवार आता माझा. तुम्ही आमच्या घरी जात जा. खुर्ची रिकामी आहे, शैला पोहे देईल."

"आणि तुम्ही, अक्का?"

"मी इथे. आणि गं, रविवारी माझ्या बाकावर ये. माझ्या अंबाड्यावर पाठीमागून कुणाची नजर नको."

प्रतिभानं मान हलवली आणि पास्टरना चहा दिला. त्यांचा कप किती भरलाय, ते अक्कांनी आधी बघून घेतलं, मग आपला किती ते.